कळकलेली कालवं

आमच्या इमारतीत मंजुळा आली की लिफ्टच्या आधी तिचा आवाज वर पोचतो. "वसुधाबाय, दार उघड, हात भरलेत माजे!" सोसायटीनं फाटकावर फेरीवाल्यांना बंदी असल्याची पाटी लावली त्याला कैक वर्षं झाली. मंजुळा नेमकी त्या पाटीखाली टोपली टेकवते, पदरानं घाम पुसते आणि वॉचमनला सांगते, "मी फेरीवाली नाय, मी मंजुळा." वॉचमन नवा असला की त्याला वाटतं हे काहीतरी मोठं पद असावं. तो मुकाट्यानं लिफ्टचं बटण दाबून देतो.

ती गोराईची. कोळीवाड्यातून निघायचं, फेरीबोटीनं खाडी ओलांडायची, बोरिवलीच्या जेट्टीवर रिक्षा पकडायची आणि ठरलेली घरं घ्यायची, असा तिचा दिवस. माझी गार्गी दुपट्यात होती तेव्हापासून आमचं घर तिच्या वाटेवर आहे. तिच्याकडून मासे घ्यायचे तर आधी आपण तिला पसंत पडावं लागतं. वरच्या मजल्यावरच्या रश्मीनं एकदा बोंबील नाकाजवळ नेऊन हुंगले, तर मंजुळानं ते तिच्या हातातून काढून परत टोपलीत ठेवले. "गजरा घ्याला आयलीस काय?" म्हणाली. रश्मी तेव्हापासून मासे मोबाइलवरून मागवते आणि शिळे खाते.

मला अशी माणसं आवडतात. गोडगोड बोलणाऱ्यांशी माझं फार काळ जमत नाही. नोकरीत मी त्यांच्यातच आयुष्य काढलं आणि पुरे झालं.

थंडी पडली की मंजुळा कालवं आणायची. कालव म्हणजे खडकाला सिमेंटसारखं घट्ट चिकटून वाढणारं शिंपलं. ते सुटं करून आणता येत नाही. ओहोटीला गुडघाभर चिखलातून खडकापर्यंत जायचं, लहान टोकदार हातोडीनं वरची शिंप फोडायची आणि आतला गर अलगद उचलायचा. खालची शिंप मात्र खडकावर तशीच ठेवायची. "बूड ठेवाचा," मंजुळा सांगायची, "पुढचे वरसाला बारकी पिल्लां त्याच्यावरच बसतात. बूड काढला तं खडक रांडवतो." ही गोराईतल्या बायकांची रीत. दुसरीही एक रीत आहे. कुठला खडक कुठल्या घराचा हे तोंडी ठरलेलं असतं, आणि दुसऱ्याच्या खडकाला कुणी हातोडी लावत नाही. मंजुळाचा खडक खाडीच्या तोंडाशी होता. सासूकडून तिच्याकडे आलेला.

त्या खडकाला लागून एक लाल फळकूट उभं होतं. खरं तर ते होडीचं तोंड होतं, पुढचा अख्खा भाग, चिखलात रोवलेला. मंजुळाचा नवरा धर्मा एका वादळात गेला. होडी दुसऱ्या बोटवाल्यांनी ओढून आणली. धर्मा सापडला नाही. मोडलेल्या होडीचं बाकीचं लाकूड गेलं, पण पुढचा भाग मंजुळानं कुणाला नेऊ दिला नाही. तो तिनं आपल्या खडकापाशी समुद्राकडे तोंड करून उभा करून घेतला. लाटेचा मार अडतो, खडकावर गाळ चढत नाही, असं ती लोकांना सांगायची. मला एकदा खरं सांगितलं. "त्याचा काय हाती लागला नाय गं. आयलाच कवा तं वलखीचा काय तरी दिसाला नको?"

यंदा तिची लेक नेत्रा बाळंतपणाला माहेरी आली. पहिलटकरीण, आणि अंगात रक्त म्हणाल तर नावाला. दोन पायऱ्या चढली की धापा टाकायची. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या ही बया चहाबरोबर घ्यायची, कारण नुसत्या पाण्याबरोबर घेतल्या की तोंडाला कसनुसं होतं म्हणे. पुढच्या तपासणीत रक्त होतं तिथंच. डॉक्टर चिडले. चहाबरोबर घेतलेलं लोह पोटात जातं पण अंगी लागत नाही, असं त्यांनी दरडावून सांगितलं. मंजुळाचा गोळ्यांवर मुळातच विश्वास नव्हता. तिच्या घरात अशक्त बाईला कालवांचं कालवण द्यायची पद्धत, आणि तीही आपल्या खडकावरची. तिनं मनाशी ठरवून टाकलं की पोरीला उभी करीन ती बापाच्या खडकावरच्या कालवांनी.

रोजच्या ओहोटीला ती जाऊ लागली. नेत्रासाठी काढून उरलेली मला यायची.

होळीच्या सुमारास आणलेली कालवं मी नेहमीसारखी कांदा-खोबऱ्यात केली. पहिला घास घेतला आणि थांबले. ती चव मी लहानपणी एकदाच घेतली होती. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात आईनं चिंचेचं सार राहू दिलं होतं, ते कळकलं आणि सगळं घर रात्रभर ओकत होतं. स्टीलच्या जमान्यात वाढलेल्यांना सांगून कळायचं नाही, पण ज्यानं ती चव घेतली तो विसरत नाही. उरलेला कच्चा गर उजेडात धरला, तर कडेला हिरवट झाक होती.

दुसऱ्या दिवशी मी मंजुळाला दारातच सांगितलं, "कालवं कळकलीत गं तुझी."

ती टोपली खाली ठेवायची थांबली. "कालवां काय तुज्या पितलेच्या डब्यान ठेवलीवती? जित्ती आनते मी."

"ते मला माहीत आहे. पण चव कळकल्याची आहे. आणि हिरवी दिसतात."

"शेवाल खाऊन माजलीत! माजी पोर खाते रोज, तिला नाय कललां ती?"

"तिला आता कशाचीच चव लागत नसणार. मंजुळा, तिला ती देऊ नकोस."

हे मी म्हणायला नको होतं, असं मला मुळीच वाटत नाही. पण तिला झोंबलं. तिच्या खडकाला नाव ठेवलं म्हणजे धर्मालाच ठेवलं. टोपली उचलून ती लिफ्टकडे न जाता ताडताड जिन्यानं खाली गेली, आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या मजल्यावर तिचा आवाज आला नाही. मासे रश्मीसारखे मोबाइलवरून मागवायची वेळ आली. एकदाच मागवले.

गार्गीला हे सगळं जेवताना सांगितलं. माझी मुलगी अंधेरीच्या एका संस्थेत समुद्राच्या पाण्यातले धातू मोजते. थेंबाच्या लाखाव्या हिश्श्यात तांबं किती ते सांगेल, पण आमटीत मीठ किती ते तिला आजवर जमलेलं नाही. एरवी माझ्या बोलण्याकडे तिचं निम्मंच लक्ष असतं. "कळकलीत" म्हटल्यावर तिनं ताटावरून मान वर केली.

"हिरवी होती? नक्की?"

रविवारी ती बाटल्या आणि बर्फाचा डबा घेऊन गोराईला गेली. मंजुळानं तिला खडकावर जाऊ दिलं त्याचं कारण वेगळंच होतं. "ने, तपास नि तुज्या आयशीचा त्वांड बंद कर," असं म्हणाली. शेजारच्या रतनच्या खडकावरचीही कालवं गार्गीनं तुलनेसाठी घेतली. मंजुळाला त्यात अपमान वाटला, पण कालवं तिनं स्वतः फोडून दिली.

निकाल सांगायला गार्गी निघाली तेव्हा मी बरोबर गेले. मंजुळाच्या ओटीवर नेत्रा पाय लांब करून बसली होती, पोटावर हात ठेवून. मंजुळानं माझ्याकडे बघितलं नाही, पण चहाचे कप मोजून बाहेर आणले, त्यात माझा होता.

"मावशी, आई म्हणते ते बरोबर आहे," गार्गी म्हणाली. "तुझ्या कालवांत तांबं आहे. बरंच. रतनमावशीच्या कालवांतही आहे, पण खूप कमी."

"तांबा? कालवान? कसा?"

गार्गी आधी संस्थेत बोलते तसं बोलायला लागली. कार्बोनेट, आयन, कायकाय. नेत्रा कंटाळून पंख्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "गार्गी, आजीच्या पातेल्याचं सांग." मग ती जरा माणसांत आली.

"तांब्या-पितळेच्या भांड्यात साधं पाणी ठेवलं तर चालतं ना? चिंच घातली की कळकतं. भांडं तेच, पण आंबट पदार्थ तांबं सोडवून घेतो. समुद्राचं तसंच काहीसं होतंय. आपण जाळतो त्या सगळ्याचा धूर हवेत जातो, त्यातला बराच समुद्र पिऊन टाकतो आणि पाणी आंबटाकडे झुकतं. जिभेला कळणार नाही एवढंच, पण झुकतं. खाडीत तर गटारं कुजतात, ती आणखी भर घालतात. पूर्वी पाण्यातलं तांबं दुसऱ्या क्षारांना धरून बसायचं, कुणाच्या अंगाला लागायचं नाही. आता त्यातलं जास्त मोकळं सुटतं आणि कालवांच्या पोटात जातं."

"म्हनजे पानी वायट झालाय," मंजुळा म्हणाली. "ते आमाला ठावं हाय."

"आणि उलटंही होतं. समुद्रातल्या बारक्या वनस्पतींना लोह लागतं. पाणी आंबटाकडे गेलं की त्यातलं काही लोह असं गुंतून बसतं की ते त्यांना घेताच येत नाही. पाण्यात लोह असतं आणि त्या उपाशी राहतात."

"माज्या गोल्यांसारका," नेत्रा एकदम म्हणाली. "चायबरोबर."

"अगदी तसं. आहे, पण अंगी लागत नाही. आणि नको ते तांबं मात्र लागतं."

नेत्राला स्वतःचं उदाहरण समुद्रात सापडल्याचा आनंद झाला. मंजुळाला नाही. "मंग रतनची कालवां बरी कशी? तिचा पानी काय येगला हाय?"

"तेच मला कळत नाहीये," गार्गी म्हणाली. "तुझ्या खडकाजवळ काही भंगार पडलंय का? जुनी तार, इंजिनाचे भाग?"

"माजे खडकावर भंगार टाकील कोन? हात तोरीन."

ओहोटी लागली होती. गार्गी खडक नीट बघायला निघाली; गेल्या वेळी भरती चढत आल्यामुळे तिला घाई झाली होती. मी साडी खोचून मागे, मंजुळा सगळ्यांच्या पुढे. चिखल तुडवत खडकापाशी पोचलो तेव्हा उन्हात ते होडीचं तोंड जणू काल रंगवलंय असं चमकत होतं. वरच्या कडेला पांढऱ्या अक्षरांत लेकीचं नाव होतं, नेत्रा. होडीला तेच नाव होतं. त्यावर कालव काय, साधं शेवाळही नव्हतं.

गार्गीनं त्या लाल रंगावरून बोट फिरवलं. "मावशी, हे कुणी रंगवलं?"

मंजुळाचा चेहरा त्या दिवसात पहिल्यांदाच खुलला. "मीच. दर वरसाला. नारली पुनवेच्या आधी सगल्यांच्या होड्या रंगतात, मंग याची का नको? वर-खाली सगला मारते, दोन हात. त्याची होडी कवा बिनरंगाची पान्यान गेली नाय."

"कुठला रंग?"

"ह्योच की. होडीचे बुडाला मारतात तो. तांब्या..."

तिचं वाक्य तिथंच राहिलं. कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं की होडीच्या बुडाला तांब्याचा रंग मारतात, आणि कशासाठी मारतात तेही. कालवं, शंख, लाकूड पोखरणारे किडे, काही म्हणता काही तळाला धरू नये म्हणून. तो रंग म्हणजे त्या जिवांना विषच. होडी पाण्यात फिरती असते तोवर ठीक आहे. इथे ती एका जागी, एका खडकाशी, वर्षामागून वर्षं नवा लेप घेऊन उभी होती. मंजुळाला हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? तिला ते होडीबद्दल माहीत होतं. तिच्या लेखी ही होडी नव्हती, धर्मा होता. वर्षाच्या सणाला त्याला नवे कपडे करावेत तसा ती रंग चढवत होती.

ती ओल्या खडकावरच बसली. "कालवांनी धरू नये म्हून तो रंग, नि मी कालवांच्या मदी लावला." मग गार्गीचा हात धरून म्हणाली, "पोरीला मी इख चारला गं."

"नाही, मावशी. ऐक. एवढ्यानं तिला काही होत नाही, फक्त आता बंद कर आणि डॉक्टरांना सांग. आणि सगळा दोष रंगाचाही नाही. पाणी पूर्वीसारखं असतं तर यातलं पुष्कळ तांबं बांधलेलं राहिलं असतं. रंग किती आणि पाणी किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही."

गार्गीनं हे खरं सांगितलं, पण मंजुळा ऐकत नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले, साडीची वाट लागली ती लागली. तिनं मला ढकललं नाही.

डॉक्टरांनी नेत्राची तपासणी केली, काळजीचं काही नाही म्हणाले, कालवं बंद करवली आणि गोळ्या लिंबाच्या सरबताबरोबर घ्यायला लावल्या. नेत्राचं रक्त हळूहळू वाढू लागलं. मंजुळा पुन्हा आमच्याकडे यायला लागली, मांदेली, कोळंबी घेऊन. कालवांचं नाव कुणी काढायचं नाही असं न बोलता ठरलं.

पण होडीचं तोंड खडकापाशी तसंच उभं होतं. गार्गीनं स्पष्ट सांगितलं होतं की ते काढल्याशिवाय तो खडक सुधारायचा नाही. मंजुळाच्या मुलानं, विकीनं, एकदा दोस्तांना घेऊन ते उपटून आणायचा बेत केला. मंजुळा विळी घेऊन दारात उभी राहिली. "बापाला हात लावशील तं बघ." विकी मला फोनवर म्हणाला, "मावशी, तुमीच समजवा ना यार तिला." मी नाही समजावलं. कुणाला काय सोडायला सांगायचं याला मर्यादा असते. तिच्या खडकाची कालवं गेली तर गेली, तिचा माणूस तरी राहू दे, असं मला वाटत होतं. आणि लगेच असंही वाटायचं की रतनचा खडक लागूनच आहे, तिच्या घरातही पोरंबाळं आहेत. मी दोन्हीकडून विचार करत राहिले, आणि कुठल्याच बाजूनं काही केलं नाही.

भर पावसाळ्यात नेत्राला मुलगी झाली. दोघी सुखरूप. मंजुळानं आमच्या इमारतीत त्या दिवशी सगळ्यांना पेढे वाटले, रश्मीलासुद्धा.

मग होड्या रंगवायचे दिवस आले. नेत्रानं मला नंतर सांगितलं ते असं. मंजुळानं सवयीनं रंगाचा डबा आणला. ओहोटी बघून ब्रश घेऊन निघाली. नेत्रा बाळाला पाजत होती, तिनं आईला जाऊ दिलं. बऱ्याच वेळानं मंजुळा परत आली ती ब्रश कोरडा, डबा न उघडलेला. तो तिनं विकीच्या होडीपाशी ठेवला आणि मोरीत जाऊन पाय धूत बसली, कितीतरी वेळ, पाय स्वच्छ झाले तरी. बाहेर आल्यावर विकीला एवढंच म्हणाली, "पुनवेला ओहोटीला बोलव तुज्या दोस्तांना. दोर आन."

नारळी पौर्णिमेला तिनं मला आणि गार्गीला जेवायला बोलावलं होतं. नारळीभात झाला, आणि ओहोटी खाली गेली तसा विकी आठदहा जणांना घेऊन निघाला. सणाचे कपडे घातलेली ती पोरं चिखलात उतरली. होडीचं तोंड सहज निघेना. इतक्या वर्षांत ते चांगलंच रुतलं होतं. दोर ओढताना ती ओरडायची तेव्हा मंजुळा काठावर उभी राहून त्यांच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होती, "हलू! हलू रे! लागंल!" कुणाला लागेल, हे कुणी विचारलं नाही. शेवटी ते बाहेर आलं, खालचं लाकूड काळं, वरचं लाल. किनाऱ्यावर तिनं आधीच ताडपत्री अंथरून ठेवली होती. रंगाचा कपचासुद्धा पाण्यात परत जाऊ द्यायचा नाही असं गार्गीनं बजावलं होतं. पोरांनी ते ताडपत्रीवर आडवं केलं. मंजुळानं पुढे होऊन त्यावरचा चिखल आपल्या नव्या लुगड्याच्या पदरानं पुसला, आणि मग ती रडली. धर्मा गेल्यानंतर ती रडलीच नव्हती, असं रतन माझ्या कानात म्हणाली.

सूर्य खाली गेला. कोळीवाड्यानं वाजतगाजत समुद्राला नारळ दिला, मंजुळानंही दिला. आम्ही परत ओटीवर आलो तेव्हा तिचे डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीचा झाला होता.

"गार्गी, आता पानी सुधरंल?"

माझी मुलगी खोटं बोलत नाही, मीच तिला तशी वाढवलीय; त्या क्षणी मला त्याचा पश्चात्ताप झाला. "रंगाचं तांबं हळूहळू कमी होईल, मावशी. रतनमावशीच्या खडकालाही त्याचा फायदा होईल. पण पाणी आंबटाकडे चाललंय ते थांबणार नाही. ते एकट्या गोराईनं केलेलं नाही. गाड्या, कारखाने, वीज, आमच्या घरातले एसी, गटारं. ते ज्याचं त्यानं कमी केलं तरच."

मंजुळानं हे शांतपणे ऐकलं. आत बाळ कुरकुरायला लागलं तशी ती उठली. दारात थांबून तिनं वळून बघितलं, आणि बघितलं ते गार्गीकडे नाही, माझ्याकडे.

"त्याला पान्यातून काढाला मना कवा भेटला नव्हता गं. आज काढला," ती म्हणाली. "माजे वाटचा मी काढला. तू काय काढशील, वसुधाबाय?"